एकदा सिझर, म्हणजे कायम सिझरच का?

"मामा, डॉक्टर म्हणू राहिले, या वेळी पण पोट फाडायचंच. तारीखसुद्धा देऊन टाकली."

आमची भाची आमच्या ओट्यावर बसून हे सांगत होती, तेव्हा तिला जेमतेम पाचवा महिना लागला होता. ही गोष्ट २०२३ सालच्या दिवाळीच्या आसपासची. कळा सुरू व्हायला चार महिने बाकी होते, बाळ पोटात कसे फिरते हे अजून कोणी पाहिलेले नव्हते, आणि ऑपरेशनची तारीख मात्र ठरली होती. सोबत भरायच्या रकमेचा आकडाही एका कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून दिला होता.

आम्ही जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे. सोलापूरकडची हमरस्त्यावरची टेंभुर्णी वेगळी. आमची जाफ्राबाद तालुक्यातली. आमची थोरली बहीण गावातच दिलेली. तिची ही मुलगी. जावई जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत एका सळयांच्या कारखान्यात कामाला. पहिल्या बाळंतपणाला, २०२१ च्या पावसाळ्यात, तिला शहरातल्या एका खासगी दवाखान्यात नेले आणि तिथे सिझर झाले. बचत गटाचे कर्ज झाले, ते फेडायला दीड वर्ष लागले. टाके पिकले. चार महिने तिला पाण्याची घागर उचलता आली नाही. कापूस वेचणीचा तो हंगाम तिच्या हातचा गेला.

आता घरात अडीच वर्षांचा मुलगा. त्याला कडेवर कोण घेणार, पाणी कोण भरणार, जावयाने किती दिवस खाडे करायचे, हे सगळे प्रश्न तिच्या डोळ्यांत दिसत होते. पण तिने विचारला तो प्रश्न साधा होता. "मामा, एकदा शिवलेलं पोट असलं की पुढचं बाळंतपण साधं होतच नाही का?"

आम्ही बी. कॉम. झालेले कारकून. वैद्यकीतले आम्हाला काय कळणार? पण कारकुनीने आम्हाला एक गोष्ट पक्की शिकवली आहे. फाइल वाचल्याशिवाय शेरा मारू नये. आम्ही भाचीला विचारले, "पहिल्या बाळंतपणाचे कागद या डॉक्टरांनी पाहिले का?" ती म्हणाली, "नाही. पोटावरचा व्रण पाहिला."

जुन्या कागदात काय होते?

बहिणीने पत्र्याच्या पेटीतून दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड काढले. घडीवर फाटलेले, हळदीचा डाग पडलेले. त्यावर दोन गोष्टी लिहिल्या होत्या. एक, ऑपरेशनच्या नावापुढे चार इंग्रजी अक्षरे : एल. एस. सी. एस. दुसरे, कारणाच्या रकान्यात एक शब्द : ब्रीच.

आम्ही ही अक्षरे वहीत उतरवली आणि जाणत्या माणसांना विचारत फिरलो. त्यातून जे कळले, ते प्रत्येक घरात माहीत असले पाहिजे, म्हणून हा लेख.

एल. एस. सी. एस. म्हणजे गर्भपिशवीच्या खालच्या, पातळ भागावर घेतलेला छेद. हा छेद बहुधा आडवा असतो. तो चांगला भरून येतो आणि पुढच्या वेळी कळांचा ताण बहुतेक वेळा सोसतो. पिशवीच्या वरच्या जाड भागावर उभा छेद घेतलेला असेल, तर मात्र पुढच्या वेळी कळा येऊ देणे धोक्याचे असते. लक्षात ठेवायचे ते हे की पोटाच्या कातडीवरचा व्रण आडवा आहे म्हणून आतल्या पिशवीवरचाही आडवाच असेल, असे नाही. आतले काय ते कागदच सांगतो.

ब्रीच म्हणजे पायाळू. पहिल्या वेळी बाळाचे डोके वर आणि कुल्ले खाली होते, म्हणून सिझर झाले. बाईच्या कंबरेचे हाड अरुंद होते म्हणून नव्हे, की कळा थकल्या म्हणून नव्हे. त्या बाळाची बसण्याची तऱ्हा तशी होती, एवढेच. दुसरे बाळही पायाळूच असेल असे कोण सांगणार?

म्हणजे त्या फाटक्या कार्डावर भाचीच्या बाजूने दोन मुद्दे लिहिलेले होते. ते कोणी वाचलेच नव्हते.

ही म्हण आली कुठून?

'एकदा सिझर, की कायम सिझर' हे वाक्य आज खेड्यापाड्यातली आजीबाईसुद्धा बोलते. ते मूळचे अमेरिकेतले. न्यूयॉर्कचे डॉक्टर एडविन क्रेगिन यांनी १९१६ साली डॉक्टरांपुढे केलेल्या भाषणातून ते जगभर पसरले. त्या काळी सिझर म्हणजे पिशवीच्या वरच्या भागावरचा उभा छेद. तो पुढच्या बाळंतपणात उसवण्याची भीती खरीच मोठी होती. क्रेगिन यांचा रोख मात्र वेगळा होता. पहिले सिझर विनाकारण करू नका, कारण त्याचा भार बाईला पुढे वाहावा लागतो, असे ते डॉक्टरांना बजावत होते. आणि याला अपवाद असतात, हेही त्यांनी तिथेच सांगितले होते. त्यांच्याच एका रुग्ण बाईला सिझरनंतर तीन मुले नैसर्गिक मार्गाने झाली होती.

पुढे १९२० च्या दशकात ग्लासगोचे डॉक्टर मन्रो कर यांनी खालच्या भागातल्या आडव्या छेदाचा पुरस्कार केला आणि हळूहळू तीच पद्धत सगळीकडे रूढ झाली. छेद बदलला, पण म्हण तशीच राहिली. १९८० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद भरवून सांगितले की योग्य बाईला सिझरनंतर साध्या बाळंतपणाची संधी देता येते. २०१० साली त्याच संस्थेच्या दुसऱ्या परिषदेनेही तेच म्हटले. म्हणजे आमच्या भाचीला जे सांगितले गेले, ते शंभर वर्षांपूर्वीच्या छेदाबद्दलचे होते.

हिशेब दोन्ही बाजूंचा मांडावा

आम्ही कॉमर्सवाले. जमा आणि नावे, दोन्ही बाजू मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. तेव्हा हा ताळेबंद पाहा.

जमेची बाजू अशी. खालचा आडवा छेद असलेल्या, योग्य म्हणून निवडलेल्या शंभर स्त्रियांनी प्रयत्न केला, तर त्यांपैकी साधारण ६० ते ८० जणींचे बाळंतपण साध्या मार्गाने होते. आधी एखादे साधे बाळंतपण झालेले असेल, तर हा आकडा ८५ ते ९० पर्यंत जातो. बाई लवकर उठते, रक्त कमी जाते, टाके पिकण्याची भीती राहत नाही, बाळाला लवकर पदराखाली घेता येते.

आणखी एक जमेची गोष्ट कोणी सांगत नाही. प्रत्येक सिझरबरोबर पुढच्या बाळंतपणाचा धोका चढत जातो. वार जुन्या व्रणात खोल रुतून बसते आणि सुटताना जीवघेणा रक्तस्राव होतो. अमेरिकेत ३० हजारांहून जास्त स्त्रियांच्या नोंदी तपासून २००६ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यानुसार दुसऱ्या सिझरच्या वेळी हे हजारात सुमारे ३ जणींच्या बाबतीत घडले, तर चौथ्या सिझरच्या वेळी हजारात सुमारे २१ जणींच्या.

आता नावेची बाजू. जुना व्रण कळांमध्ये उसवू शकतो. कळा आपोआप सुरू झाल्या असतील, तर हे साधारण २०० जणींत एकीच्या बाबतीत घडते. आकडा लहान आहे. पण ती एक आपल्या घरातली असेल, तर तिचा आणि बाळाचा जीव मिनिटांच्या हिशेबावर लटकतो. शिवाय प्रयत्न करूनही शेवटी सिझर करावेच लागले, तर ते आधी ठरवून केलेल्या सिझरपेक्षा जास्त त्रासाचे ठरू शकते. ज्या डॉक्टरला ही नावेची बाजू सांगायची नाही, तो आपला हितचिंतक नव्हे.

होकार देणारा प्रत्येक डॉक्टर आधार देणारा नसतो

पहिल्या डॉक्टरांच्या नकारानंतर आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी गेलो. तिथले डॉक्टर गोड बोलले. "सिझर कशाला? नॉर्मल करून देतो, हमी माझी." भाचीचा चेहरा उजळला. आम्ही निघता निघता विचारले, "साहेब, रात्री अडचण आली तर भूल देणारे डॉक्टर इथेच असतात का? रक्त कुठून आणायचे?" ते म्हणाले, "बोलावून घेऊ. तशी वेळच येणार नाही."

आम्ही बाहेर आलो. बहीण रागावली. "एक नाही म्हणाला म्हणून उठलास, दुसरा हो म्हणाला तरी उठलास!" तिचे रागावणेही बरोबर होते. पण पहिल्याने कागद न वाचता नाही म्हटले आणि दुसऱ्याने कागद न वाचता हो म्हटले. दोघांत फरक तो काय?

त्याच सुमारास शेजारच्या म्हाताऱ्या आजींनी तिसरा सल्ला दिला. "आमची सात बाळंतपणं घरातच झाली. सुईणीला बोलवा." आजींचा मान राखून सांगितले पाहिजे की सिझर झालेल्या बाईने घरी किंवा ऑपरेशनची सोय नसलेल्या ठिकाणी बाळंत होणे म्हणजे विस्तवाशी खेळ आहे. तसेच कळा वाढवायचे इंजेक्शन गावातल्या कोणाकडून टोचून घेणे किंवा तोंडी गोळी घेणे हेही. जुना व्रण असलेल्या पिशवीवर अशा औषधाचा जोर आला, तर ती फाटू शकते. दिवस भरत आल्यावर कळा आणण्यासाठी दिली जाणारी मिसोप्रोस्टॉल ही गोळी सिझर झालेल्या बाईला देऊ नये, असे तज्ज्ञांचे स्पष्ट मत आहे.

तिसऱ्या वेळी कोणी कागद मागितला

आमच्या वस्तीतल्या आशाताईंनी आम्हाला वाट दाखवली. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर स्त्रियांची तपासणी होते. त्या दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर भेटू शकतात. जिच्या बाळंतपणात जोखीम आहे, तिच्या कार्डावर लाल खूण चिकटवतात. आधी सिझर झालेले असणे हीसुद्धा जोखीमच. लाल खूण पाहून भाची घाबरली. आशाताई म्हणाल्या, "अगं, लाल खूण म्हणजे तुला मोठ्या दवाखान्यातच नेलं पाहिजे, हे सगळ्यांना कळावं म्हणून. भिऊ नको."

तिथून आम्हाला मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवले. रांग मोठी होती. पण आमची पाळी आल्यावर त्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो हा, "जुने कागद आणलेत?"

फाटके कार्ड त्यांनी टेबलावर सपाट केले आणि वाचले. मग भाचीलाच विचारले, आम्हाला नाही. पहिल्या वेळी कळा किती आल्या होत्या? नंतर ताप आला होता का? टाके पिकले ते वरचे, की आतूनही काही त्रास झाला? मधे गर्भपात, पिशवी साफ करणे वगैरे काही? सोनोग्राफीत वार कुठे आहे ते पाहिले. बाळाचे वजन फार वाढते आहे का, यावर पुढे लक्ष ठेवू म्हणाल्या.

मग त्या म्हणाल्या, "तुझी प्रकृती प्रयत्नासाठी योग्य दिसते. मी तुला संधी देईन, पण हमी देणार नाही. कळा आपोआप आल्या, बाळाचे डोके खाली असले, ठोके चांगले राहिले, तर होईल. नाही तर मी ऑपरेशन करीन, आणि तेव्हा तू घाबरायचं नाहीस. चालेल?"

भाची म्हणाली, "चालेल." इतक्या महिन्यांत तिला कोणी पहिल्यांदाच विचारले होते.

डॉक्टरांची बाजू

आपण डॉक्टरांना दोष देतो. तो सगळाच खोटा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार देशातली २१.५ टक्के बाळंतपणे सिझरने झाली. सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खासगीत ४७.४ टक्के. म्हणजे खासगीत जवळपास निम्मी. महाराष्ट्राचा आकडा २०१५-१६ मध्ये २०.१ टक्के होता, तो २०१९-२१ मध्ये २५.४ टक्के झाला. सरकारी दवाखान्याच्या तिप्पट सिझर खासगीत व्हावीत, इतके काय स्त्रियांचे शरीर दारागणिक बदलते? मुंबईच्या सुबर्णा घोष यांनी २०१७ साली हाच प्रश्न उचलून सह्यांची मोहीम चालवली. प्रत्येक दवाखान्याने आपल्याकडे किती सिझर होतात ते जाहीर करावे, ही त्यांची मागणी. त्या वेळच्या केंद्रीय महिला व बालविकास मंत्री मनेका गांधी यांनी तिची दखल घेतली. त्याच वर्षी केंद्र सरकारी नोकरांच्या आरोग्य योजनेतल्या दवाखान्यांना तसे फलक लावण्याची सूचना झाली.

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सिझरनंतरचे साधे बाळंतपण म्हणजे आठ-दहा तास बाईजवळ कोणीतरी जागे बसणे. बाळाच्या ठोक्यांवर सतत नजर, ऑपरेशनची खोली तयार, भूलतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर, रक्ताची सोय. छोट्या गावातल्या एकट्या डॉक्टरकडे हे नसेल आणि तो प्रामाणिकपणे म्हणाला की "माझ्याकडे सोय नाही, मोठ्या रुग्णालयात जा," तर त्याच्यावर रागावू नये. त्याने आपल्याला खरे सांगितले. आपला आक्षेप आहे तो, "होतच नाही" असे खोटे सांगण्याला.

आणि काहींना खरोखरच पुन्हा सिझर लागते. उभा छेद असेल, पिशवी पूर्वी उसवलेली असेल, वार तोंडावर आलेली असेल, तर हट्ट धरू नये. दोन सिझर झालेल्या बाईबद्दल फक्त अनुभवी तज्ज्ञानेच निर्णय घ्यावा. सिझर ही शत्रू नव्हे. वेळेवर झालेल्या सिझरने आपल्या वस्तीतल्या कितीतरी मायलेकरांचे जीव वाचले आहेत.

'दोन्ही कामं एकदमच उरकून घ्या'

आपल्या घरांमधून एक गोष्ट फार होते. दुसऱ्या वेळी घरचेच म्हणतात, "सिझर करा आणि त्यातच कुटुंबनियोजनाचं ऑपरेशनही उरका." म्हणजे नसबंदीसाठी बाईचे पोट पुन्हा उघडायचे! साध्या बाळंतपणानंतरही पहिल्या आठवड्यात छोट्या छेदातून स्त्रीची नसबंदी होते. पुरुषाची नसबंदी तर त्याहून सोपी, पोट न उघडता होणारी. पण तिचे नाव काढले की आमची पुरुषमंडळी चपला घालून बाहेर पडतात. आमच्या जावयासमोर हा विषय आम्हीच काढला. मामाच्या नात्याने ते अवघड होते, पण काढला. मुलाला थांबवायचे असेल तर बाळंतपणानंतर लगेच तांबीही बसवता येते, हेही सांगितले.

दोन बाळंतपणांतल्या अंतराचाही या विषयाशी थेट संबंध आहे. दोन बाळंतपणांत दीड वर्षाहून कमी अंतर असेल, तर व्रण उसवण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की एका बाळाच्या जन्मानंतर किमान २४ महिने तरी पुढचा गर्भ राहू देऊ नये. बाबासाहेबांनी २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदे मंडळात बाळंतपणाच्या सवलतींच्या विधेयकाला पाठिंबा देताना म्हटले होते की बाळंतपणाच्या काळात आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. ते कारखान्यातल्या कामगार स्त्रियांबद्दल बोलत होते. आपल्या घरातली बाई विटा वाहते, कापूस वेचते, धुणीभांडी करते. तिच्या विसाव्याचा कायदा आपण घरातच केला पाहिजे.

कागद हा आपला हक्क आहे

ज्यांच्याकडे पहिल्या सिझरचे कागद नाहीत, त्यांनी निराश होऊ नये. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत दवाखान्याने कागदपत्रे द्यायची असतात. महाराष्ट्रात जानेवारी २०२१ मध्ये सुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारले. तेव्हापासून खासगी दवाखान्यांनी रुग्णहक्कांची सनद आणि काही सेवांचे दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा त्या हक्कांपैकीच एक. समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली बजावले की उपचारापूर्वी रुग्णाला त्याचे फायदे, धोके आणि दुसरे पर्याय समजतील असे सांगून मगच संमती घेतली पाहिजे. कोऱ्या कागदावरचा अंगठा ही संमती नव्हे.

पैशाचीही गोष्ट सांगून ठेवतो. १ जून २०११ पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातले बाळंतपण, साधे असो की सिझर, औषध, रक्त, तपासण्या, जेवण यांसह मोफत आहे. घरून नेण्याची आणि परत आणण्याची गाडीही त्यातच, त्यासाठी १०२ क्रमांक. जालन्यात गांधी चमनचे सरकारी स्त्री रुग्णालय आहे. २०२४ पासून जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. त्याहून मोठी सोय लागली तर छत्रपती संभाजीनगरची घाटी आहे. पहिल्या बाळंतपणाला गटाचे कर्ज काढताना यातले निम्मे आम्हालाच माहीत नव्हते, हे लाजेने कबूल करतो.

ती रात्र

२०२४ च्या मार्चमध्ये रात्री अकराच्या सुमाराला भाचीला कळा सुरू झाल्या. डॉक्टरबाईंनी आधीच बजावले होते, "कळा वाढेपर्यंत घरी थांबायचं नाही. पाणमोट फुटली, रक्त दिसलं, किंवा दोन कळांच्या मधेही व्रणाजवळ दुखत राहिलं, तर एक क्षणही नाही." गाडी आली. टेंभुर्णीहून रात्रीच्या रस्त्याने तासाभराची वाट. बहीण सोबत, आम्ही पुढे बसलेलो, मांडीवर कागदांची पिशवी.

रात्रभर नर्सबाई बाळाचे ठोके पाहत होत्या. पहाटे चारला कळा मंदावल्या. डॉक्टर म्हणाले, दोन तास पाहू, नाही तर ऑपरेशन. संमतीच्या कागदावर सही आधीच झाली होती. या वेळी ती वाचून केली होती. बहीण बाहेरच्या बाकावर हात जोडून बसली. आम्ही व्हरांड्यात फेऱ्या घालत होतो आणि मनात एकच विचार येत होता : आपण पोरीला भलत्या वाटेला तर लावले नाही ना? काही झाले तर बहिणीला तोंड कसे दाखवू? वाचकहो, हिशेबातला दोनशेत एक हा आकडा व्हरांड्यात उभा असताना लहान वाटत नाही.

सव्वासातला मुलगी झाली. साध्या मार्गाने. चौथ्या दिवशी भाची आपल्या पायांनी चालत गाडीत बसली.

ही गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धी राहील. आमच्या भाचीचे पाहून वस्तीतल्या दुसऱ्या एका भगिनीनेही पुढच्या वर्षी त्याच वाटेने प्रयत्न केला. तिचे कागदही ठीक होते. पण कळांमध्ये बाळाचे ठोके उतरू लागले आणि तिला लगेच ऑपरेशनला घेतले. माय आणि लेकरू दोघेही सुखरूप आहेत. आम्ही भेटायला गेलो तेव्हा तिची सासू कुरकुरत होती, "एवढा खटाटोप केला आणि शेवटी सिझरच." त्यावर ती बाळंतीण पडल्या पडल्या म्हणाली, "आत्याबाई, मागच्या वेळी का कापलं ते मला आजपर्यंत माहीत नाही. या वेळी मला सांगितलं, मी हो म्हणले, मग कापलं."

डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न

दिवस गेल्याचे कळताच, शक्य तर चौथ्या-पाचव्या महिन्यातच, हे प्रश्न विचारावेत. नवव्या महिन्यात धावपळ करू नये.

१. माझे पहिले सिझर का झाले आणि आतला छेद कसा आहे, हे कागद पाहून सांगाल का?

२. माझ्या बाबतीत साध्या बाळंतपणाची शक्यता किती आणि धोका कोणता?

३. कळांच्या वेळी बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवायला माणूस असेल का?

४. रात्री-अपरात्री ऑपरेशन, भूलतज्ज्ञ आणि रक्त यांची सोय इथे आहे का?

५. कोणत्या वेळी तुम्ही प्रयत्न थांबवून सिझर कराल?

जो डॉक्टर या प्रश्नांवर चिडणार नाही, जुना कागद हातात घेईल, दोन्ही बाजू सांगेल आणि सोय नसेल तर नाही म्हणेल, तो आधार देणारा डॉक्टर समजावा. मग बाळंतपण साधे होवो वा सिझरने.

आणि एक काम आजच करा. घरातल्या प्रत्येक सुनेचे, लेकीचे डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफी, रक्तगटाची चिठ्ठी एका पिशवीत घालून ठेवा. सातबारा आणि रेशनकार्ड आपण जपतो, तसे हे कागद जपा. आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी सकाळी वंदनेनंतर आम्ही आणि आशाताई बसतो. ज्यांना कार्डावरची अक्षरे कळत नाहीत, त्यांनी ती घेऊन यावे. आपण मिळून वाचू, आणि जे आम्हालाही कळणार नाही, ते कोणाला विचारायचे तेवढे नक्की सांगू. आपापल्या गावातल्या शिकलेल्या मुलामुलींनीही असे बसावे, ही विनंती.

जय भीम.